अद्भुतांतील अखेरचा सामना

अद्भुतकथेंत वाटेल तें घडवितां येतें, म्हणून ती लिहिणें सोपें, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या मतें प्रकार नेमका उलट आहे. जेथें वाटेल तें घडूं शकतें, तेथें जें घडलें तें तसेंच घडणें अपरिहार्य होतें, असें वाचकास पटविणें फार कठीण; आणि ही अडचण सर्वांत अधिक जाणवते ती अखेरच्या सामन्यांत. हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 सालीं व रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हांपासून अद्भुतरम्य कादंबरी मराठी घरांत वाचली जात आली आहे. या जातीच्या पुष्कळ पुस्तकांच्या शेवटीं शस्त्रांचा खणखणाट होतो, रक्ताचे पाट वाहतात, आणि तरीहि वाचक जांभई देतो. असें कां व्हावें? याचें उत्तर शोधण्यास परदेशीं जावयास नको. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतच, एक वेरूळच्या पाषाणांत व दुसरें पैठणच्या ओवींत, अशीं दोन उत्तरें आपल्या पूर्वजांनीं ठेवलेलीं आहेत.

वेरूळचें पंधराव्या क्रमांकाचें लेणें ‘दशावतार’ या नांवानें ओळखलें जातें. राष्ट्रकूट राजा दन्तिदुर्ग याचा शिलालेख तेथें आहे. म्हणजे काल इसवी सनाच्या आठव्या शतकाचा. याच्या वरच्या मजल्यावर नृसिंह व हिरण्यकशिपु यांचें शिल्प आहे. दैत्य नृसिंहाच्या मांडीवर आडवा पडला आहे व त्याचें पोट फाडलें जात आहे, असें चित्र आपण नेहमीं पाहतों. वेरूळच्या मूर्तिकारानें तो क्षण टाळला. त्याचा हिरण्यकशिपु अजून उभा आहे, हातीं ढाल-तरवार आहे, आणि नृसिंहाचा हात नुकताच त्याच्यावर पडला आहे. निकाल लागलेला नाहीं. पण तो आतां टळणारहि नाहीं. शिल्पकारानें परमावधीचा क्षण न दाखवितां कल्पनेस वाव ठेवणारा क्षण निवडावा, असें जर्मन टीकाकार लेसिंग यानें 1766 मध्यें ‘लाओकोऑन’ या ग्रंथांत प्रतिपादिलें. वेरूळच्या कारागिरानें त्याच्या सुमारें हजार वर्षें आधीं तें छिन्नीनें करून दाखविलें होतें.

परंतु या प्रसंगाचें बळ केवळ क्षणाच्या निवडींत नाहीं. तें कथेच्या बांधणींतहि आहे. मनुष्याकडून वा पशूकडून, दिवसा वा रात्रीं, घरांत वा बाहेर, भूमीवर वा आकाशांत, कोणत्याहि शस्त्रानें मरण येऊं नये, असा वर दैत्यानें आधींच मागून घेतला आहे. श्रोत्यास हीं सर्व कलमें ठाऊक असतात. म्हणून संध्यासमयीं, उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन, नखांनीं जेव्हां त्याचा वध होतो, तेव्हां एकहि कलम मोडत नाहीं आणि दैत्य मात्र मरतो. अद्भुतास नियम नसतात, हें खोटें. त्यास आपले स्वतःचे नियम असतात, आणि लेखकानें ते अखेरीस मोडले तर सारी कथा मोडते.

शेजारच्या सोळाव्या लेण्यांत, म्हणजे राष्ट्रकूट कृष्णराज पहिला याच्या नांवाशीं निगडित असलेल्या कैलासांत, रावण पर्वत हलवीत असल्याचें भव्य शिल्प आहे. पर्वत हलला हें अचल दगडांत कसें दाखवावें? मूर्तिकारानें पार्वती शंकरास बिलगलेली व तिची दासी भयानें पळत सुटलेली कोरली. त्या पळणाऱ्या दासीमुळें पर्वत खरोखर हलतो. दहा तोंडांचा राक्षस आम्हीं कोणीं पाहिलेला नाहीं. भ्यालेलें माणूस मात्र सर्वांनीं पाहिलेलें आहे. अद्भुत पटतें तें अशा ओळखीच्या खुणेनें.

याच रावणाचा शेवट वाल्मीकीनें कसा रचला, तें पाहण्यासारखें आहे. राम त्याचें मस्तक तोडतो, तों दुसरें उगवतें. असें शंभर वेळां होतें. आजवर कधीं व्यर्थ न गेलेले बाण व्यर्थ जाऊं लागतात व राम चिंतेंत पडतो. अखेर सारथि मातलि त्यास ब्रह्मास्त्राची आठवण देतो, आणि अरण्यकांडांत अगस्त्यानें दिलेला बाण युद्धकांडांत रावणाचें हृदय भेदतो. अंगीं एकाएकीं नवें बळ संचारून येथें जय मिळत नाहीं. फार पूर्वीं पेरलेलें वेळेवर आठवलें, म्हणून तो मिळतो.

पैठणचें उदाहरण याहून बोलकें आहे. एकनाथांनीं उतारवयांत ‘भावार्थरामायण’ लिहावयास घेतलें. परंतु युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय होतां होतां, 1599 मध्यें, त्यांचा देह पडला. पुढील भाग शिष्य गावबा यानें पुरा केला, असें परंपरा सांगते. म्हणजे ज्यासाठीं श्रोता पांच कांडें थांबला होता, तो रावणवध लिहिण्याचें काम शिष्यावर आलें. गावबापुढें कोरा कागद होता, पण त्यास मोकळीक नव्हती. गुरूनें कथेंत घातलेला प्रत्येक वर, प्रत्येक शाप, प्रत्येक प्रतिज्ञा त्यास शेवटास न्यावयाची होती. आम्हांस वाटतें, प्रत्येक अद्भुतकथाकाराची अखेरच्या प्रकरणीं हीच स्थिति असते. अखेरचें युद्ध नव्यानें निर्माण करावयाचें नसतें. तें मागील ऋण म्हणून फेडावयाचें असतें.

आणि तें फेडतांना प्रतिपक्षाचा मान राखला पाहिजे. रावण पडल्यावर राम बिभीषणास त्याचे अंत्यसंस्कार करावयास सांगतो. वैर मरणापाशीं संपलें, असें म्हणतो. शत्रूस क्षुद्र करणारा लेखक आपल्या नायकाचा पराक्रमहि क्षुद्र करितो. घरोघर मुलें अशाच गोष्टी ऐकून जय म्हणजे काय व पराजय म्हणजे काय, हें प्रथम शिकतात. म्हणून त्यांचा शेवट स्वस्तांत उरकण्याचा अधिकार लेखकास नाहीं. वाचकांपैकीं जे वेरूळास जातील, त्यांनीं कैलास पाहण्याच्या घाईंत दशावतार लेण्याच्या वरच्या मजल्याचा जिना टाळूं नये. त्या दैत्याच्या हातांत तरवार अजून आहे.