सोबत्यांची शर्यत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दक्षिण आफ्रिकेत दरवर्षी एका संध्याकाळी भरल्या मैदानात एक माणूस पळणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो. त्याच्या हातात पिस्तूल असते आणि नजर घड्याळावर. बारा तास पुरे झाले की तो बार काढतो. बार होण्याआधी ज्याने रेषा ओलांडली, त्याला पदक. ज्याचे पाऊल रेषेच्या अलीकडे राहिले, त्याला काही नाही. कोण येतो आहे हे दिसले तर हात थरथरेल, म्हणूनच बहुधा तो पाठ फिरवत असावा.

या शर्यतीचे नाव कॉम्रेड्स मॅरेथॉन. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधले अंतर सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे साध्या मॅरेथॉनच्या दुपटीहून अधिक. बहुतेक वेळा एका वर्षी समुद्राकडून डोंगराकडे चढायचे, पुढच्या वर्षी डोंगराकडून समुद्राकडे उतरायचे. चढणीच्या वर्षी छातीचा भाता फुटतो आणि उतरणीच्या वर्षी मांड्या सोलून निघतात, असे पळणारे सांगतात.

मी कवी माणूस. बस गाठण्यापुरताच आयुष्यात धावलो. मग या शर्यतीचे मला काय? तर माझा भाचा २०२४ साली तिथे धावून आला. एका कारखान्यात तो स्टोअरकीपर आहे, वय चाळिशीला टेकलेले. वर्षभर पहाटे चारला उठून तो हायवेच्या कडेने पळत असे. आठवड्यातून एकदा तीस-पस्तीस किलोमीटर, तेही इतके सावकाश की शेजाऱ्याशी बोलता यावे. या शर्यतीत भरती व्हायचे तर आधी एक पूर्ण मॅरेथॉन नेमून दिलेल्या वेळेत पुरी करावी लागते. ते जमले आणि मार्चमध्ये रमजान आला. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. इफ्तार झाली, तरावीह झाली की रात्री दहानंतर तो बूट बांधायचा. माझी बहीण दारात उभी राहून म्हणायची, "अरे, तुला कोण मागे लागलंय?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी या शर्यतीच्या इतिहासात शिरलो.

व्हिक क्लॅफम नावाचा एक आगगाडीचा ड्रायव्हर होता. पहिल्या महायुद्धात तो पूर्व आफ्रिकेच्या रानात जर्मन फौजेच्या मागावर सुमारे २७०० किलोमीटर पायी तुडवून आला. सोबतची माणसे तापाने, तहानेने, गोळीने गेली. परतल्यावर त्याला वाटले, यांचे स्मारक दगडाचे नको, श्रमाचे हवे. कालपर्यंत दुकानात, कचेरीत बसणारी साधी माणसे एवढे चालू शकली, तर साधी माणसे दोन शहरांमधले अंतर का धावणार नाहीत? माजी सैनिकांच्या संघटनेने त्याची मागणी तीनदा फेटाळली. अखेर १९२१ साली परवानगी मिळाली आणि खर्चाला एक पौंड मिळाला, तोही उसना! २४ मे १९२१ रोजी ३४ जण धावले आणि १६ पोचले. पहिला आलेला बिल रोवन ८ तास ५९ मिनिटांत आला. पुढच्या वर्षी आर्थर न्यूटन हा शेतकरी जिंकला, तेव्हा त्याचे वय चाळिशीला आले होते. त्यानंतर तो आणखी चारदा जिंकला. सावकाश पण भरपूर पळा, हा त्याचा धडा. माझा भाचा आज हायवेवर तोच गिरवतो.

इथवरची गोष्ट सुंदर आहे. पण कॉम्रेड म्हणजे सोबती, आणि सोबती कोणाला म्हणायचे हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

त्याच महायुद्धात दक्षिण आफ्रिकेचे काळे मजूर-सैनिकही गेले होते. १९१७ च्या फेब्रुवारीत 'मेंडी' नावाचे जहाज इंग्लंडजवळ बुडाले, त्यात सहाशेहून अधिक कृष्णवर्णीय माणसे समुद्रात गेली. तीही युद्धातलीच मेलेली माणसे. परंतु मृत सोबत्यांसाठी निघालेल्या या शर्यतीत त्यांच्या भाऊबंदांना जागा नव्हती. भारतीय वंशाच्या लोकांना नव्हती, स्त्रियांनाही नव्हती.

तरी माणसे धावलीच. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड या बाईंचा अर्ज नाकारला गेला, तरी त्या धावल्या आणि ११ तास ३५ मिनिटांत पोचल्या. पदक मिळाले नाही, म्हणून बघ्यांनी वर्गणी काढून त्यांना चहाचा चांदीचा संच दिला. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावक साडेनऊ तासांत पोचला. निकालाच्या कागदावर त्याचे नाव चढले नाही. स्त्रियांना आणि सर्व वर्णांच्या धावकांना दार उघडले ते १९७५ साली. १९८१ मध्ये ब्रूस फोर्डिस हा गोरा विद्यार्थी वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून धावला, लोकांनी त्याच्यावर टोमॅटो फेकले आणि तो जिंकला. १९८९ साली सॅम त्शबालाला हा पहिला कृष्णवर्णीय विजेता ठरला. त्याच वर्षी ऐंशी वर्षांचे वॉली हेवर्डही धावले. तेव्हा मुदत अकरा तासांची होती. बार व्हायला दोन मिनिटेही उरली नव्हती, तेव्हा ते लटपटत रेषेपार झाले.

आणि म्त्शाली? २०१९ पासून नऊ ते दहा तासांत पोचणाऱ्याला जे पदक मिळते, त्याला रॉबर्ट म्त्शाली यांचे नाव आहे. कागदावर नाव चढायला चौऱ्याऐंशी वर्षे लागली.

आपला आणि या वाटेचा संबंध आणखी जुना आहे. दादा अब्दुल्ला या डर्बनच्या मुसलमान व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी एक तरुण बॅरिस्टर तिकडे गेला होता. ७ जून १८९३ च्या रात्री डर्बनहून चढत आलेल्या गाडीतून त्याला पीटरमॅरिट्झबर्गच्या फलाटावर उतरवून दिले. पहिल्या वर्गाचे तिकीट हातात असूनही! जूनची तिथली थंडी, सामान बाहेर, आणि आत कुडकुडत बसलेले मोहनदास गांधी. माझा भाचा त्याच डर्बनहून त्याच शहराकडे त्याच महिन्यात चढला, मात्र पायांनी.

शेवटी पॉली शॉर्ट्स नावाचा चढ लागतो. तिथे भलेभले चालतात. भाचा सांगतो, "मामू, मी तिथं कठड्यावर बसलो. म्हटलं, बास. तेवढ्यात एक म्हातारा आला. हिरवा नंबर होता त्याच्या छातीवर." दहा वेळा शर्यत पुरी करणाऱ्याला तो नंबर कायमचा मिळतो. "तो काळा, मी हा असा. माझ्या छातीवरचं नाव वाचून त्यानं हाक मारली आणि हात पुढे केला. म्हणाला, पळू नकोस, नुसता माझ्याबरोबर चाल."

भाचा ११ तास ५१ मिनिटांत पोचला. पदक इवलेसे आहे, रुपयाच्या नाण्याहून फार मोठे नाही. बहिणीने ते कपाटात कुराणशरीफच्या खालच्या कप्प्यात, माझ्या मेव्हण्याच्या घड्याळाशेजारी ठेवले आहे. मी त्याला विचारले, "तो म्हातारा पोचला का रे?"

भाचा जरा गप्प राहिला. "माहीत नाही, मामू. शेवटी त्यानंच मला पुढं ढकललं. बार झाला तेव्हा मी मागे वळून बघत होतो. गर्दीत दिसला नाही."

मैदानातला तो माणूस पाठ करून उभा राहतो. माझा भाचा वळून उभा राहिला. क्लॅफमला जे स्मारक हवे होते, ते मला तिथे दिसले.