क्रोशा

‘क्रोशा’ हा शब्द फ्रेंच ‘क्रोशे’वरून आला. ‘क्रोशे’ म्हणजे लहानसा आकडा. त्याच्या मुळाशी जुन्या नॉर्स भाषेतला ‘क्रोकर’ आहे. अतिक्रमणासाठीचा इंग्रजी ‘एन्क्रोच’ याच कुळातला: आकडा घालून ओढून घेणे. म्हणजे नाव आधी हत्याराचे, विणकामाला ते मागाहून लागले. मराठीत या हत्याराला सुई म्हणतात खरे, पण तिला नेढे नसते. टोकाजवळच्या खाचेत दोरा अडकवून आधीच्या फासातून ओढला की नवा फास तयार होतो. शब्द परका घेतला, तरी टाक्यांची नावे मराठी बायकांनी घरचीच ठेवली: साखळी, खांब, मुका खांब. उभ्या टाक्याला खांब म्हणणे फार नेमके आहे. तोरणाच्या जाळीत ते ओळीने उभेच दिसतात.