घराची शोभा : नगरच्या तीन वास्तू

घर सजवावयाचें ठरलें कीं आपलीं पावलें प्रथम बाजाराकडे वळतात. पडदे, गालिचे, दिवे, तसबिरी यांची यादी होते. खोली भरते, पण घर सजतेंच असें नाहीं. गृहसजावट ही विकत घेण्याच्या आधीं पाहण्याची विद्या आहे. प्रमाण, तोल, लय, उजेड आणि मोकळी जागा हीं तिचीं मूळ अंगें. तीं जुन्या वास्तूंत जितकीं स्पष्ट दिसतात तितकीं पुस्तकांत दिसत नाहींत. म्हणून श्रोत्यांना आज अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, व त्याचा जिल्हा यांतील तीन ठिकाणीं घेऊन जाणार आहें.

पहिलें ठिकाण फराहबाग. 1490 मध्यें अहमद निजामशहानें नगर वसविलें. त्याच्या वंशांतील पहिल्या मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दींत शहराच्या आग्नेयेस हा महाल उभा राहिला. पहिलें काम राजाला पसंत पडलें नाहीं, तेव्हां सलाबतखानाकडून तें नव्यानें करविलें, असा वृत्तान्त आहे. 1583 च्या सुमारास महाल पुरा झाला. त्याचा आराखडा अष्टकोनी. मध्यभागीं दोन मजल्यांइतकें उंच घुमटाचें दालन, त्याच्या भोंवतीं लहान दालनें, बाहेर उंच कमानी आणि सभोंवार तलाव. मध्यावर उभें राहून पाहिलें तर समोरासमोरच्या बाजू एकमेकींस तोलून धरतात. बुटक्या दालनांतून मोठ्या दालनांत पाऊल पडतांच नजर आपोआप वर जाते. उंचीचा हा प्रत्यय शेजारच्या ठेंगणेपणामुळें येतो. यालाच प्रमाण म्हणावयाचें. तलावावरून येणारा वारा निवून कमानींतून आंत शिरावा, तापलेल्या हवेला वर चढावयास जागा मिळावी, ही योजना म्हणजे नगरच्या उन्हाळ्यास दिलेलें उत्तरच होय. भिंती ओबडधोबड दगडांच्या. त्यांवर चुन्याचा गिलावा व गिलाव्यांत नक्षी. म्हणजे नक्षीचा क्रम अगदीं शेवटचा. आज तलावाचें पूर्वीचें वैभव राहिलें नाहीं, गिलावाहि जागोजाग झडला आहे. तथापि महालाचें रूप मोडलेलें नाहीं, कारण तें गिलाव्यावर अवलंबून नव्हतेंच.

दुसरें ठिकाण पारनेर तालुक्यांतील पळशी. होळकरांचे दिवाण पळशीकर यांचा वाडा तेथें आहे. लाकडावरील कोरीवकामासाठीं त्याची ख्याति. परंतु पाहणारानें कोरीवकामाच्या आधीं खांबांमधील अंतर पाहावें. आपल्याकडे घर खणांनीं मोजीत. दोन खांबांमधली जागा तो एक खण, आणि तुळई जेवढा भार पेलील तेवढाच त्याचा पल्ला. त्यामुळें चौकाभोंवतीं खांबामागून खांब सारख्या अंतरानें येतात, ओवींतील चरणांसारखे. ही लय सुताराला लाकडाच्या ताकदीनेंच शिकविली. मधला चौक रिकामा. पण वाड्याला उजेड आणि वारा तेथूनच मिळावयाचा. हिशेबी माणसास ती जागा वाया गेलेली वाटेल. खरें पाहतां सगळ्या वाड्यांत तीच अधिक कमावती. शिवाय आपल्या वाड्यांत सामानहि पुष्कळसें भिंतींच्या पोटांत सामावे : कोनाड्यांत दिवा, फडताळांत भांडीं, खुंटीवर पागोटें. जमीन मोकळी राही.

या रचनेचें एक वैगुण्य मात्र बोलून दाखविलें पाहिजे. उजेड चौकाच्या आसपास रेंगाळे. माजघर आणि स्वयंपाकघर, जेथें बायकांचा जन्म गेला, तेथें तो क्षीण होऊनच पोंचे. बैठकीस उजेड आणि चुलीस धूर, अशी ही वांटणी होती. घराचा खरा तोल खांबांच्या ओळींवरून ठरवावयाचा कीं त्यांत राहणारांच्या वांट्यावरून, हा प्रश्न कोरीव खांब पाहतांना विसरूं नये.

राहणारांचा विषय निघाला म्हणून फराहबागेच्या धन्याची अखेर सांगतों. मुर्तजा लोकांपासून दूर, एकांतांत राही. 1588 मध्यें त्याच्या पुत्रानेंच त्याला स्नानगृहांत कोंडून, दारें-खिडक्या लावून, खालीं आग पेटवून मारिलें, असें त्याच्या पदरीं असलेल्या फरिश्त्यानें लिहून ठेविलें आहे. वाऱ्यासाठीं एवढा महाल उभारविणारा राजा वाऱ्यावांचून मेला.

तिसरें ठिकाण नगरचा भुईकोट किल्ला. ऑगस्ट 1942 मध्यें काँग्रेसच्या बारा नेत्यांस येथें बंदींत ठेविलें. त्यांत आपल्याकडील शंकरराव देवहि होते. खोली, भिंत, दार यांपैकीं कांहींच निवडण्याची मुभा नव्हती. तरी पंडित नेहरूंनीं अंगणांतील निकृष्ट जमीन खणून फुलांचे वाफे केले, आणि 1944 मध्यें अवघ्या पांच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ येथेंच लिहिला. मौलाना आझाद यांच्या खोलींत छताशीं चिमण्यांनीं घरटीं केलीं. काड्यांचा कचरा सारखा खालीं पडे. मौलानांनीं आधीं त्यांच्याशीं युद्ध पुकारलें, मग हार मानली, आणि अखेर दाणे टाकून स्नेह जोडला. 'गुबारे खातिर' या त्यांच्या पत्रसंग्रहांत ही हकीगत मोठ्या गोडीनें आली आहे. फराहबागेंतील एकहि सोय त्या खोलींत नव्हती. पण तेथें राहणारास सोबत जोडतां आली.

तेव्हां घर सजवावयास निघण्यापूर्वीं एक दिवस नुसतें पाहण्यांत घालवावा. खोलींतील सामान थोडें बाजूस सारावें. सकाळीं ऊन कोठें पडतें, वारा कोणत्या खिडकीनें येतो, घरांतील कोणतें माणूस सर्वांत अधिक वेळ कोठें काढतें, हें टिपून घ्यावें. उत्तम उजेडाची जागा पाहुण्यांच्या खुर्चीस द्यावयाची कीं भाजी निवडणाऱ्या, अभ्यास करणाऱ्या माणसास, हें आधीं ठरवावें. कोठली तरी एक जागा निश्चयानें रिकामी राखावी. मग खुशाल बाजारांत जावें. हातांतली यादी तोंवर बहुधा निम्मी झालेली असेल.