घरात गॅसचा वास: कोणता वास कशाचा, आणि दवाखान्यात कधी जावे?

स्वयंपाकघरात सडक्या अंड्यासारखा किंवा कुजक्या कोबीसारखा उग्र वास आला, तर सिलिंडरमधून गॅस गळत असू शकतो. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेनचे मिश्रण. या वायूंना स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र द्रव्य मिसळतात. सिलिंडर संपत आला की वास थोडा वाढतो, हे खरे. पण ‘संपत आला असेल’ असे घरीच ठरवून दुर्लक्ष करू नका.

हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. दारे-खिडक्या उघडा. पंखा, दिवा, एक्झॉस्ट यांचे बटण चालू किंवा बंद काहीच करू नका, कारण ठिणगी तिथेच पडते. जमल्यास रेग्युलेटर बंद करा आणि सर्वांना बाहेर न्या. बाहेर गेल्यावरच १९०६ या गॅस गळती हेल्पलाइनला फोन करा. वास फार तीव्र असेल तर आधी बाहेर पडा.

नाकावर पूर्ण विसंबू नका. त्याच वासात थोडा वेळ राहिले की नाक सरावते. वयोवृद्धांना, सर्दी झालेल्यांना आणि कोविडनंतर वास गेलेल्यांना गळती कळतच नाही.

डोळे-घसा झोंबणारा तिखट वास अमोनियाचा असतो. बर्फाचा कारखाना, शीतगृह किंवा प्रवासी व्हॅनमधला गॅसवर चालणारा फ्रिज येथे तो सापडतो. लगेच मोकळ्या हवेत या आणि डोळे किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा. धाप लागत असेल तर दवाखाना गाठा. घरच्या विजेच्या फ्रिजमध्ये सहसा अमोनिया नसतो. तिथला दुर्गंध बहुधा सांडलेल्या दुधाचा किंवा मागच्या ट्रेमधल्या पाण्याचा.

ज्याला वासच नाही

सर्वांत फसवा वायू आहे कार्बन मोनॉक्साइड. वर्धा जिल्ह्यात थंडी पडली की खोलीत सिगडी पेटते, बाथरूममध्ये गॅस गीझर चालतो आणि गार वारा नको म्हणून झरोका कापडाने बुजवला जातो. इंधन अर्धवट जळून हा वायू तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळत नाही.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी ही लक्षणे पित्तासारखी किंवा फ्लूसारखी वाटतात. फरक ओळखायचा असेल तर स्वतःला विचारा: घरातल्या एकापेक्षा अधिक जणांना एकदम त्रास होतोय का? बाहेर गेल्यावर बरे वाटते का? ताप नाही ना? उत्तरे ‘हो’ असतील तर थांबू नका. अंघोळीला गेलेली व्यक्ती हाकेला ओ देत नसेल, तर दार उघडून तिला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. स्वतः आत जास्त वेळ थांबू नका.

बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवते. आकडा ९८ दाखवला तरी विषबाधा असू शकते. रक्ततपासणी आणि जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन यांसाठी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी (मेघे) येथील रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. गीझर किंवा सिगडी चालू होती, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. रुग्ण गरोदर असेल तर तिला बरे वाटत असले तरी तपासणी करून घ्या, कारण पोटातल्या बाळाला धोका अधिक असतो. घरी परतल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालण्यात अडखळणे, स्वभावात बदल दिसला तर पुन्हा दाखवा.