स्वयंसेवक हवेत? मग काम नेमके सांगा
सोलापूर : 'समाजसेवेची आवड असणाऱ्यांनी संपर्क साधावा' एवढ्या आवाहनावर स्वयंसेवक क्वचितच लाभतात. काम, ठिकाण, वेळ आणि आवश्यक कौशल्य यांचा नेमका उल्लेख हवा. उदाहरणार्थ, 'अंध विद्यार्थ्याला परीक्षेपर्यंत दर रविवारी दोन तास पाठ्यपुस्तक वाचून दाखविणे. उच्चार स्पष्ट हवेत, प्रवासखर्च मिळणार नाही.' अडचणीही लपवू नयेत.

१९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधील जखमींच्या उपचारासाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. काम अवघड, पण निःसंदिग्ध होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यासाठी पुढे आले. १९४२ मध्ये चीनमध्येच, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एवढा त्याग प्रत्येकाकडून अपेक्षित नसतो. मात्र, दोन तास देणाऱ्यालाही आपण कशासाठी येत आहोत, हे आधी कळले पाहिजे.