खांब नसलेलं थिएटर

दर महिन्याला आम्ही बचत गटाच्या पैशाचा हिशेब सांगतो. आज एका वास्तूचा हिशेब मांडतो.

कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदानाला खेटून राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात नाट्यगृह बांधलं. तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर. प्रेक्षागृहात मध्ये एकही खांब नाही, त्यामुळं मागच्या रांगेतल्या माणसालाही रंगमंच सरळ दिसायचा.

पुढं त्याला केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. केशवराव कोल्हापूरचे, जन्म ९ ऑगस्ट १८९०. लहान वयात ते ‘संगीत शारदा’ नाटकात शारदा व्हायचे. म्हाताऱ्याशी लग्न ठरलेल्या पोरीचं दुःख एक मुलगा गाऊन सांगायचा, कारण तेव्हा बाईला रंगमंचावर जागाच नव्हती. १९०८ साली त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही मंडळी काढली. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. वय अवघं ३१.

आमच्या गटातल्या कितीतरी जणींनी आयुष्यातलं पहिलं नाटक इथंच पाहिलं. कुणी सासूबरोबर, कुणी लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमाला. घरचं आवरून, डबा झाकून ठेवून गेलेल्या त्या दोन-तीन तासांत आम्हाला कुणी ‘चहा टाक’ म्हणत नव्हतं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री थिएटरला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लाकडी रंगमंच, खुर्च्या, छप्पर सगळं जळालं. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. म्हातारे कलाकार रस्त्यावर उभे राहून रडले. आमच्याही घशाखाली घास उतरला नाही.

पुन्हा उभारणीचं काम हाती घेतलं गेलं. भिंती, छप्पर बांधता येतं. पण तिथं कोण बसलं, काय पाहून हसलं-रडलं, हे कुठल्याच नकाशात नसतं. कलाकारांची नावं इतिहासात राहतात, पदर डोळ्याला लावणाऱ्या बायकांची राहत नाहीत.

म्हणून आम्ही ठरवलंय. गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते लिहून झाले, की वहीच्या मागच्या पानावर एकेकीची थिएटरची आठवण लिहायची. तुमच्या गावातही चावडी, समाजमंदिर, देवळाचा मंडप असेल. तो उभा आहे तोवरच आजीला विचारून घ्या. नंतर विचारायला आजीही नसते आणि मंडपही नसतो.