दुसरी बासरी

बासरी शिकायला लागून वर्षभर झालं की एक प्रश्न हमखास पडतो: आता दुसरी घ्यायची, तर कोणती? पहिलीबद्दल कुणी विचारत नाही. ती जत्रेत घेतलेली असते, नाहीतर कुणीतरी भेट दिलेली. दुसरीला मात्र दोन-चार हजार मोजायचे असतात, आणि घरातली माणसं विचारतात, "अरे, आहे की एक!"

माझीही पहिली जत्रेतलीच. तिच्यावर माझा मंद्र धैवत तीन महिने उतरलेला होता. मी समजत होतो की मला कान नाही. शेवटी गुरुजींनी ती हातात घेतली, दोन ओळी वाजवल्या, आणि धैवत जागच्या जागी लागला. मी आणखीच खचलो. तेव्हा ते म्हणाले, "भोक चुकलंय. मी ओठ वळवून सावरून घेतलं. तुला ते दहा वर्षांनी जमेल." म्हणजे पाहा, स्वस्त बासरी उस्तादाला चालते, शिकणाऱ्याला चालत नाही. आपण नेमकं उलटं समजतो.

उस्तादांनाही ती चालवून घ्यावीशी वाटली नाही, याचा इतिहास फार जुना नाही. आपल्या मूर्तींत आणि अभंगांत मुरली शेकडो वर्षं आहे, पण हिंदुस्तानी ख्यालाच्या मैफलीत तिला जागा मिळाली ती विसाव्या शतकात, पन्नालाल घोषांमुळे. 1911 साली बारिसालला जन्मलेले पन्नालालबाबू 1940 मध्ये मुंबईत आले आणि सिनेमात काम करू लागले. 1942 च्या 'बसंत'चं संगीत त्यांचं. त्यांची अडचण साधी होती. लहान बासरीचा आवाज उंच आणि चिरका. त्यावर दरबारीसारखा खर्जात रमणारा राग मांडायचा कसा? त्यांनी निरनिराळ्या पदार्थांच्या नळ्या करून पाहिल्या आणि परत बांबूवरच आले. पण बांबू घेतला तो सुमारे 32 इंचांचा. शिवाय खाली सातवं भोक पाडलं. सहा भोकं बंद केली की मंद्र पंचम येतो. सातव्यामुळे त्याच्याही खालचा तीव्र मध्यम मिळाला. पुढे त्यांचे जावई आणि शिष्य देवेंद्र मुर्डेश्वर यांनी ही परंपरा चालवली. मुर्डेश्वरांकडे शिकलेले केशव गिंडे साडेतीन सप्तकांच्या 'केशव वेणू'पर्यंत पोचले. ते पेशाने इंजिनिअर. माझ्या मते हा निव्वळ योगायोग नाही.

आता बेंगळुरूकडे येऊ, कारण इथे प्रश्नाला आणखी एक फाटा फुटतो. बळेपेटेत (बळे म्हणजे बांगड्या, आज तिथे वाद्यांची दुकानं आहेत) बासरी मागितली की आधी विचारतात: कर्नाटकी की हिंदुस्तानी? पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेला आपला माणूस गोंधळतो आणि दिसायला नीटस असेल ती उचलतो. इथे पैसे वाया जातात. कर्नाटकी वेणूला सहसा आठ भोकं, बांबू जाड, लांबी कमी. मुख्य म्हणजे षड्ज वेगळ्या जागी. हिंदुस्तानी बासरीत वरची तीन भोकं झाकली की सा, वेणूत दोन. त्यामुळे एकीवर बसलेली बोटं दुसरीवर प्रत्येक स्वर चुकतात.

दक्षिणेत वेणू कचेरीत आणली ती कुंभकोणमच्या शरभ शास्त्रींनी. ते अंध होते आणि 1904 मध्ये, जेमतेम बत्तिशीत गेले. मग आले टी. आर. महालिंगम, सगळ्यांचे 'माली'. 1933 मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी त्यांची पहिली कचेरी मैलापूरला झाली. पुढे काही वर्षं ते बेंगळुरूतही राहिले. मालींनी बोटांची पकड आणि फुंक दोन्ही बदलून वेणूला गळ्याची गमक दिली. त्यांचे शिष्य एन. रमणी यांनी नंतर लांब बासरी कर्नाटकी मंचावर आणली. पन्नालालबाबूंच्या प्रयोगाची झुळूक तिथवर गेली म्हणायची.

त्याहून लांबही गेली. आयरिश संगीतातली टिन व्हिसल तुम्ही ऐकली असेल. तिलाही सहाच भोकं, फक्त ती उभी धरतात. रॉबर्ट क्लार्क या इंग्रज माणसाने 1843 मध्ये पत्रा गुंडाळून ती स्वस्तात विकायला सुरुवात केली. तीही गरिबाची, पोरांची बासरी. 1970 च्या आसपास फिनबार फ्युरी या आयरिश वादकाकडे एक लाडकी भारतीय बांबूची शिट्टी होती. ती मोडली. बर्नार्ड ओव्हर्टन यांना ती दुरुस्त करता येईना, म्हणून त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची मोठी शिट्टी करून दिली. आज जिला 'लो व्हिसल' म्हणतात, ती अशी जन्मली. तो मूळ बांबू कुठल्या गावचा होता, कुणी कापला होता, याची नोंद कुणी ठेवली नाही. मला त्याची चुटपुट वाटते.

तर आता खरेदी. आधी पट्टी ठरवा. मैफलीत बहुधा पांढरी तीनची लांब बासरी दिसते. पण बोटं लहान असतील तर तिची भोकं झाकताना हात आखडतो. अशांनी पांढरी पाच घ्यावी आणि लाजू नये. वेणूवाले हीच मापं 'कट्टै'त सांगतात. दुकानात तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा. मंद्र पंचम धरा, मग तीच बोटं ठेवून फुंक वाढवा आणि मध्य पंचम काढा. दोन्ही तानपुऱ्याच्या पंचमात विरघळले, तर नळीचा पोकळपणा आणि बुचाची जागा बरोबर आहे. मध्य पंचम उतरत असेल, तर नक्षी आणि रंगीत दोरा कितीही सुंदर असो, ती खाली ठेवा. मग माझ्या त्या धैवताची आठवण ठेवून मंद्र धैवत तपासा. ओठ वळवून सावरू नका. फसवणूक तुमचीच होईल.

एक अडचण बेंगळुरूचीच. डिसेंबरच्या सकाळी इथे पारा पंधरा-सोळावर असतो. हवा दहा अंशांनी गार झाली की नळीचा सूर तत्त्वतः पाव अर्धस्वराहून जास्त उतरतो. श्वासाच्या उबेने थोडा भरून निघतो, पण सगळा नाही. तेव्हा बासरी पाच मिनिटं फुंकून गरम करा, मगच पारखा. नाहीतर चांगली बासरी खोटी ठरवून परत याल. मी एकदा तसा आलो होतो. दुपारी पुन्हा गेलो, तर ती विकली गेली होती.